शवपेटीवरचं पिल्लू

३ जून, इलोइलो
मयत! सरकारी वकीलबाईंनी विचारलं, "मयत तुमचा कोण?" धाकटा भाऊ, म्हटलं. कोर्टात आर्निलला कुणीच आर्निल म्हणत नाही. समोरच्या घरातला क्रिसांतो — तो 'आरोपी'. दर रविवारी वाळवलेले मासे आणून द्यायचा, त्याला तिथे शब्दच नाही.
माझी साक्ष १९ तारखेला.

४ जून
कोंबडीने पहिलं अंडं घातलं. डिसेंबरात इथल्या रीतीप्रमाणे आर्निलच्या शवपेटीवर ठेवलेलं ते पिल्लू — त्याने दाणे टोचले की मारणाऱ्याच्या मनाला टोचत राहावं म्हणून. खटला उभा राहीपर्यंत एवढं मोठं झालं.

९ जून
कोर्टातले दुभाषे फर्मिनकाका जेवणाच्या सुट्टीत शब्द समजावतात. खून आणि मनुष्यवध, फरक काय?
"मरणारा तेवढाच मरतो, पोरी. फरक मारणाऱ्याला पडतो."
निःशस्त्र, बेसावध माणसावर घाव घातला तर खून. चाळीस वर्षांपर्यंत. बाचाबाचीत घडलं तर मनुष्यवध — कमी. आणि समोरचाच शस्त्र घेऊन अंगावर आला असेल तर स्वसंरक्षण.
मग किती वर्षं?
"मग घरी."
क्रिसांतोच्या वल्ह्याचा एकच घाव, त्याला तीन शब्द! मी लिहून घेतले. "आता वकील होतेस की काय?" काका हसले.
क्रिसांतो पहिल्या दिवसापासून म्हणतोय, आर्निल पिऊन कोयता घेऊन आला होता. पोलिसांना कोयता सापडला नाही. सगळं माझ्या साक्षीवर आहे.

१२ जून
बाजारात क्रिसांतोची बायको लुमेन आडवी आली. "ताई, सगळ्यांत आधी तुम्ही पोचलात. एकदाच सांगा, त्याचा हात रिकामा होता?"
मी भेंडी निवडत राहिले.
मासेवाली ओरडली, "अगं, मेलेल्याच्या बहिणीला विचारतेस! लाज कशी वाटत नाही?"
"मग कुणाला विचारू? त्यांच्या कोंबडीला?"

१५ जून
पुरावा म्हणजे नक्की काय?
"कोर्टापुढे येतं ते."
आणि येत नाही ते?
"ते कोर्टाला नसल्यासारखंच."
पण असतं ना?
काकांनी डबा बंद केला. "आज फार विचारतेस, पोरी."

१७ जून
दाणे टाकले तरी कोंबडी माझ्या पायालाच टोचते. सवय असेल.

१८ जून
आई म्हणाली, "'हात रिकामा होता' — एवढंच तर बोलायचंय! पोराचं नाव राख म्हणजे झालं."

१९ जून
शपथ घेतली. वकीलबाईंनी विचारलं, मयताच्या हातात काय होतं?
म्हटलं, कोयता. त्याच्या मुठीतून मीच सोडवला, कुणी त्याला गुंड म्हणू नये म्हणून. आमच्या तांदळाच्या पिंपात तळाशी आहे.
आई मागच्या बाकावर होती. घरी मी एकटीच आले.