प्रतिवादी मयत

१६ जून
परवा दादा गेला. अकरा वर्षांनी तरसालीच्या घरात पाऊल टाकलं ते हे बघायला. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, थोडं पाणी प्या." दाव्याचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

२६ जून
तेरावं झालं. संध्याकाळी माझ्या वकील ज्योतिबेनचा फोन. "बेन, नेवुं दिवस छे. वारसदारनां नाम नहीं चढावो तो केस एनी मेळे पूरो." म्हणजे नव्वद दिवसांत वारसांची नावं लावली नाहीत तर दावा आपोआप संपणार, निकाल नाहीच. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. वडिलांच्या तरसालीच्या घरात माझ्या हिश्शाची एक खोली हवी, एवढंच मागितलं होतं. त्यासाठी आता दादाच्या जागी वहिनी आणि भाचा प्रतिवादी. तेराव्याचं जेवण अजून पचलं नाही.

१९ जुलै
आज तारीख. सवयीने कोर्टातल्या बाकाच्या कडेला बसले, दादाला जागा ठेवून. भाऊबीज बंद झाली, तारखेला मात्र भेट व्हायची. जज रजेवर असले की दादाच स्कूटरवरून गोरव्याला माझ्या भाड्याच्या घरी सोडायचा. वाटेत दाव्याबद्दल अक्षर नाही. गुडघे कसे आहेत, औषध घेतेस का. खोली मात्र दिली नाही. हट्टी कुठला! फार आठवण येते.

१० ऑगस्ट
घरमालक येऊन गेले. "दिवाळी सुधी, बेन." दिवाळीपर्यंत जागा सोडायची. त्यांचंही बरोबर, मुलाचं लग्न ठरलंय. या वयात घर शोधत कुठे हिंडू? पण वहिनींच्या दारात समन्स... नको. कंटाळा आलाय. मिटू दे एकदाचं.

२९ ऑगस्ट
तरसालीला गेले. सोडून देते, असं सांगायला. वहिनींनी ऐकून घेतलं. मग आतून दादाच्या मृत्यूचा दाखला आणि एक कागद आणला. त्यांचं आणि भाच्याचं पूर्ण नाव, वय, पत्ता. स्वतःच्या अक्षरात.
"घाला ने आमची नावं. असंच संपलं तर ह्यांनी बहिणीचा हिस्सा खाल्ला असंच लोक म्हणत राहतील. खाल्ला की नाही ते कोर्ट सांगेल."
"आणि खाल्ला म्हटलं तर?"
"तर खोली तुमची. पण मी आपल्या हातानं नाही देणार. ह्यांनी दिली नाही ती मी कशी देऊ?"
चहा झाला. फाटकापर्यंत सोडायला आल्या.

१० सप्टेंबर
परवा मुदत संपते. अर्ज टाइप होऊन आलाय. मास्तरणीच्या सवयीने तीनदा वाचला, एक चूक सापडेल तर शपथ. वर मी, वादी. समोर दादा, 'मयत'. खाली वारस: पत्नी, मुलगा. बहीण त्यांत येत नाही, ज्योतिबेननी समजावलं.
मंजूर झाला की दादाचं नाव कमी होणार. सही केली नाही तर दावाच जाणार, त्याच्यासकट.
फुली केलेल्या जागेवर पेन टेकवून उचललं. दोनदा. ज्योतिबेनचा फोन वाजतोय.