तेल पाजलेला दगड

खंडेनवमी, संध्याकाळ

आज हत्यारांची पूजा. मी हात धुवायला गेलो, तेवढ्यात बायकोच्या भावाने, दिलीपने, माझ्या धारेच्या दगडावर वाटीभर तेल ओतून शेंदूर फासला. हा दगड पाण्यावर चालतो. त्यात तेल मुरलं की रंध्याचं पातं नुसतं घसरतं. वडिलांनी वापरलेला दगड!

"काहून चिडता भाऊजी? देवालेच चढवलं ना!" वर मोबाइलवर फोटोही काढला.

ज्याने जन्मात एका पटाशीला धार लावली नाही, त्याची भक्ती अशी दुसऱ्याच्या वस्तूवर. वाटीभर तेल! देवाने मागितलं होतं का? परवा सक्करदऱ्याला देव्हाऱ्याच्या दाराला रंधा मारायचा आहे, कशावर धार लावू?

रागाने मी दगड त्याच्यापुढे सरकवला. "घे गा, आता घरी नेऊन पूज."

खरंच नेला त्याने, कपाळाला लावून.