उपाधी आणि ओलं लाकूड

सर, तुम्हाला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणूनच हे मराठीत लिहितेय. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही वरूनही लाल पेन्सिल घेऊन बसला असतात. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली! आठवतात ते ऐंशीच्या दशकातले हिवाळे आणि युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतलं, चिनी मासिकांच्या रॅकजवळचं तुमचं टेबल. ह्यांच्या पीएच.डी.पायी मी अमेरिकेत आलेली. डिपेंडंट व्हिसा, नोकरी करायची नाही, ड्रायव्हिंग येत नाही, बाहेर गुडघाभर बर्फ. नागपूरला तत्त्वज्ञानात एम.ए. केलेली बाई त्या अपार्टमेंटमध्ये दिवसभर काय करणार? घासलेली भांडी पुन्हा घासायची. जीव नुसता गुदमरायचा. बस लायब्ररीपर्यंत जायची, एवढंच काय ते सुख.

तुम्ही निवृत्त प्राध्यापक, तरुणपणी चीन सोडून आलेले. तिकडच्या एका नियतकालिकासाठी लेख चिनीत करून पाठवायचात. त्याच्या अंकाच्या कव्हरवर बोट ठेवून म्हणालात, "इथे लिहिलंय, परदेशी तत्त्वज्ञान. तुमचं न्यायशास्त्र, ते अनुमानाचं तर्कशास्त्र, तेही यात येतं." मी फणकारले, "आमचं कसलं परदेशी?" थर्मासमधलं गरम पाणी ओतत तुम्ही म्हणालात, "मग लिही की इंग्रजीत. मी चिनीत करतो."

मी लिहू लागले. धूर दिसला की विस्तव असतोच. पण विस्तव आहे म्हणून धूर असेलच असं नाही, त्याला लाकूड ओलं लागतं. अनुमान फसवणाऱ्या त्या लपलेल्या अटीला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. आणि मी घाईघाईत इंग्रजीत काय लिहावं? 'न्यूसन्स'! कटकट! आई उठताबसता म्हणायची ना, "ही काय नसती उपाधी!" तुम्ही वाचता वाचता थांबलात. "अनुमान कटकटीमुळे फसतं?" मी जीभ चावली. खुलासा ऐकून तुम्ही इतके हसलात की लायब्ररीतल्या बाई उठून आल्या.

लेख झाल्यावर घरी सांगितलं, तर हे हबकलेच. "तुझ्या नावानं छापणार? अगं, ते काम म्हणून धरलं आणि व्हिसा कॅन्सल केला तर? माझी डिग्री बोंबलली! नसती उपाधी नको." डिग्रीलाही आपल्यात उपाधीच म्हणतात, हे तेव्हा सुचलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "सर, माझं नाव नको." तुम्ही रागावला नाहीत. "ही बाई बायको आहे, म्हणून कोंडलेली आहे. बरोबर आहे हे अनुमान? यात ओलं लाकूड कोणतं?"

"व्हिसा."

"व्हिसा बदलतो," तुम्ही म्हणालात आणि कागद बॅगेत ठेवलेत.

वसंतात तुम्ही गेलात. नंतर अंक आला, तो लायब्ररीतल्या बाईंनी मला दिला. रोमन लिपीत उपाधी हा शब्द दिसला, म्हणून लेख ओळखला. वर नावाच्या जागी नुसती चिनी अक्षरं. तुमचं एकट्याचं, की माझंही?

ग्रीन कार्ड आलं, सिटिझनशिप आली, पण मी कुठे लिहिलं नाही की शिकवलं नाही. आता इथे मॉरिसव्हिलमध्ये शेजारीण चिनी आहे, रोज वॉकला बरोबर असते. लेक वैतागते, "आई, जस्ट आस्क हर!" खरंच दोन मिनिटांचं काम. मी लेकीला सांगते, नाव नसलं तर वाईट वाटेल गं. खोटं आहे ते, सर. नाव असलं तर दार तेव्हाच उघडलेलं होतं, या भीतीनं मी अंक उघडत नाही. मग इतकी वर्षं मला कोणी कोंडलं होतं?