शंभर फ्रँकवरचं कुंकू

१७ ऑक्टोबर २०२५
आणल्या एकदाच्या! सिद्रामप्पाकाकांच्या सतरा जुन्या फ्रेंच नोटा, बिस्किटाच्या डब्यात. पोस्टात होते तेव्हा पत्रमित्रांकडून जमवलेल्या. दिवाळीनंतर वाचनालयात प्रदर्शन, प्रत्येक नोटेखालची चिठ्ठी मी लिहायची. अणदूर ते जळकोट, एसटीत डबा मांडीवरून हलवला नाही. काकूंची आठवण काढून काका म्हणाले, "इरम्मा गेल्यापासून उघडला न्हाय म्या."
वडिलांनी घरी अक्षरं शिकवली तेव्हाच शिकवलेलं — दुसऱ्याची वस्तू जशी आणली तशीच परत द्यायची.

१८ ऑक्टोबर
पहिल्याच नोटेला दोन छिद्रं! माझ्या हातून? काकांना फोन. लई हसले. "अगं पोरी, तिकडं बँकेत गड्ड्या टाचणीनं टाचायचे. ती छिद्रं माझ्याहून म्हातारी हायेत!"
लाज वाटली. आता ऊठसूट फोन करायचा नाही.

२० ऑक्टोबर
दिवसाला तीन-चारच चिठ्ठ्या होतात. नोटांवर सगळीकडं बायाच! शिरस्त्राण घातलेली म्हणजे देश, कणसं माळलेली म्हणजे पीक. आई डोकावली. "ही तर आपली लक्ष्मीच की गं."

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. मला न विचारता आईनं डबा पाटावर मांडला!

२२ ऑक्टोबर
बारावी नोट, शंभर फ्रँक. आज पहिल्यांदाच पाहिली. दोन बाया बसलेल्या — एक शेती, एक व्यापार. शेतीच्या कपाळावर कुंकू!
"म्या डब्याला लावलं, नोटंला न्हाय," आई म्हणाली.
"मग आपोआप आलं का?"
"तुझ्या गळ्याची आण."
तरी विश्वास बसला नाही. वाट्टेल ते बोलले. आई जेवली नाही. डबा आणला त्याच दिवशी सगळ्या नोटा का पाहिल्या नाहीत मी!

२३ ऑक्टोबर
फोन हातात घेतला. ठेवला. पुन्हा हसतील — किंवा या खेपेला हसणार नाहीत.
शेवटी खोडरबर. हलक्या हातानं, पाऊण तास. गेलं! तेवढ्या जागी कागद जरा विरलाय, बाईचं कपाळही फिकटलंय. पण नोट होती तशी झाली.

२४ ऑक्टोबर
आई कामापुरतंच बोलते.

२६ ऑक्टोबर
चिठ्ठ्या लिहून झाल्या, डबा परत दिला. काकांनी इतर नोटा बाजूला सारल्या, बारावी काढून खिडकीशी धरली. "लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला इरम्मानं हिला कुंकू लावलं होतं. लई ओरडलो होतो तिच्यावर. कुठं गेलं गं?"
मी म्हटलं, "मी पुसलं."
ते त्या कपाळावरून बोट फिरवत राहिले.