जॅकवेलची पडदी

४ नोव्हेंबर १९७४, सोमवार

आले एकदाची. वाईहून सातारा, साताऱ्याहून उंब्रज आणि तिथून साखर कारखान्याच्या जीपने, मांडीवर ट्रंक घेऊन. गाळप सुरू झालंय, हवेत शिजत्या रसाचा वास आहे. खोली शालूबाईंच्या शेजारी मिळाली. कारखान्याचं टेलिफोन एक्स्चेंज त्याच चालवतात आणि मला शिकवणारही त्याच. आईला हे काम पसंत नव्हतं, पण मला बोर्ड बघताच आवडला. काळ्या लाकडाचा, त्यावर पितळी पडद्यांच्या ओळी, प्रत्येकीखाली एक भोक. कोणी पलीकडे हँडल फिरवलं की त्याची पडदी पडते आणि घंटी वाजते. आपण दोरी खुपसायची आणि विचारायचं, कुणाला देऊ? शालूबाई म्हणाल्या, उद्यापासून हात काळे करायचे.

८ नोव्हेंबर

हात खरंच काळे झाले. शालूबाई पुस्तकातून काही शिकवत नाहीत. मला केरबा लाइनमनबरोबर पाठवलं. नदीवरच्या जॅकवेलपासून आम्ही खांब-खांब बघत चालत आलो. जॅकवेल म्हणजे कारखान्याला पाणी चढवणाऱ्या पंपाची विहीर, आमची सर्वांत लांबची लाइन. केरबाने मला तारा सोलायला लावल्या. एका तारेनं जायाचं, दुसरीनं परत यायाचं, फेरा पुरा झाला तर आवाज, न्हाईतर न्हाई, असं त्याचं सोपं सांगणं. लाइन बंद पडली तर लांबच्या टोकापासून सुरुवात करायची आणि टप्प्याटप्प्याने बोर्डाकडे यायचं. प्रत्येक टप्प्यावर मी फोन लावून शालूबाईंना हाक दिली. शेवटच्या हाकेला त्यांचं उत्तर आलं तेव्हा लहान मुलीसारखी हसले.

जॅकवेलवर जोतीराम भेटला. मिलिटरीतून परतलेला, अबोल. बायको अंजना डबा घेऊन आली होती, तिने मलाही भाकरी खायला लावली.

१६ नोव्हेंबर

दिवाळीला घरी गेले नाही. आता दुपारचा बोर्ड एकटीने सांभाळते. चुका कमी झाल्यात.

एक गोष्ट मात्र लिहायला नको वाटते. बोर्डावर ऐकायची कळ असते. जोडणी झाली का बघायचं आणि कळ वर करायची, ऐकत बसायचं नाही, हे शालूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण एका साहेबांची बायको सांगलीला माहेरी जाऊन बसली आहे आणि दुपारी त्यांचा फोन असतो. ती रडते, ते समजूत घालतात. मी कळ वर करत नाही. वाईट आहे, कळतंय. उद्यापासून बंद.

२१ नोव्हेंबर

जोतीराम गेला.

पंपाच्या पट्ट्यात उजवा हात सापडला. सुटला कसातरी, पण रक्त थांबलं नाही. भिंतीवरच्या फोनपाशी सापडला. रिसीव्हर लोंबत होता, हँडलला रक्त लागलेलं.

जॅकवेलची पडदी पडली होती. मी पाहिली. सांगलीचा कॉल चालू होता आणि आवाज बारीक येत होता, म्हणून मी घंटी बंद ठेवली होती. वाटलं, जोतीरामला काय घाई असणार. पडदी वर केली, तर पुन्हा पडली. पुन्हा वर केली. मग पडली नाही.

कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, जॅकवेलहून फोन आला होता का. मी नाही म्हणाले. शब्द किती सहज आला.

२५ नोव्हेंबर

केरबाला कामावरून घरी बसवलं. लाइनची देखभाल केली नाही, असा ठपका ठेवून. जाताना तो एक्स्चेंजच्या दारात उभा राहिला. "लाइन चालू हुती, बाई. मी त्याच दिशी सकाळी बघितली हुती." तक्रार म्हणून नाही, मला तरी पटावं म्हणून सांगत होता. मी दोऱ्या पुसत राहिले.

२ डिसेंबर

अंजनाला ऑफिसात झाडलोटीचं आणि पाणी भरायचं काम दिलंय. एक्स्चेंजची झाडलोटही तिच्याकडेच. मला चहा आणून देते, पेला आधी पदराने पुसते. म्हणाली, तुमी लय वाळला बाई, जेवत जावा. मला मान वर करता आली नाही.

नवा माणूस पंपावर उभा राहायला तयार नाही, म्हणून तिथला पंप बंद आहे, पाणी तूर्त कालव्यावरून घेतात. फोन काढून आणलाय, तारा गुंडाळून ठेवल्यात. दुपारी त्या लाइनची पडदी पडली.

पितळ सैल झालं असेल.

५ डिसेंबर

पुन्हा पडली. दोरी खुपसली. पट्टा फिरल्याचा आवाज, फट् फट्, आणि कोणीतरी धापा टाकतंय. मी दोरी ओढली. शालूबाईंना म्हटलं, त्या लाइनमध्ये काहीतरी आहे. त्यांनी भोकाच्या मागचं दाखवलं, तिथे तारच जोडलेली नाही.

९ डिसेंबर

आज जॅकवेलची नाही, बैलगाड्यांच्या तळावरची पडदी. तोच पट्टा. तीच धाप. तळावर निरोप पाठवला, कोणीच फोन केलेला नव्हता.

तळ नदीपेक्षा जवळ आहे.

१० डिसेंबर

गेटची.

शालूबाईंना सगळं सांगायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. केरबाच्या घरी चूल पेटत नाही म्हणत होत्या. मी त्यांच्याबरोबर तांदूळ निवडले आणि परत आले.

१२ डिसेंबर

वजनकाट्याची. खिडकीतून काटा दिसतो. फोनपाशी कोणी नव्हतं, पण हँडल फिरत होतं. हळू, डाव्या हाताने फिरवावं तसं.

या वेळी आवाज आला. "बाई, लाइन द्या."

रागाने नाही. नेहमी बोलायचा तसाच, आदबीने. रागावला असता तर बरं —

१३ डिसेंबर

बोर्डावरच्या सगळ्या पडद्या वर आहेत. घंटी वाजतेय. शालूबाई आत येत नाहीत, त्यांना ऐकूच येत नाही. कानावरचा फोन लावलेला नाही, कान उघडे आहेत, तरी पट्टा ऐकू —

शेवटी फोन कानावर चढवला आणि विचारलं त्याला. कुणाला देऊ?

म्हणाला, अंजनाला.

अंजना इथेच आहे, फरशी पुसतेय. मी कानावरचा फोन काढून तिच्यापुढे धरला. तिने हात पदराला पुसले आणि तो कानाला लावला.

ती ऐकतेय. तिच्याकडे बघवत नाही म्हणून लिहितेय. मधेच व्हय म्हणते. घरी बोलावं तसं. एकदा हसली.

फोन तिने खाली ठेवला नाही. कानाला तसाच धरून माझ्याजवळ आली. तिची पावलं दिसतायत, ओली.

"बाई," म्हणाली, "ते इचारत्यात, तवा तुमी कुठं हुता?"

मी इथेच —

मी ऐकत