थर्मनने बाजू बदलली

पिट्सबर्ग,
जूनचा पहिला आठवडा

तीर्थस्वरूप व्हर्नेलताईंना ओडेलचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण माझे गुडघे एकदा खाली गेले की वर काढायला माणूस लागतो.) अटलांटाच्या उकाड्यात तुमचा रक्तदाब आवाक्यात असेल आणि चर्चच्या गायनमंडळाशी चाललेलं तुमचं भांडण मिटलं असेल, अशी आशा आहे. मिटलं नसेल तर चूक त्यांचीच.

पत्राला कारण तुमचा भाऊ थर्मन. बातमी तुमच्याकडे पोचलीच असेल. आपल्या काळ्या लोकांच्या जुन्या लीगचे आकडे आता मोठ्या बेसबॉलच्या दप्तरात धरले, आणि आयुष्यभराच्या फलंदाजीच्या सरासरीत जोश गिब्सन सगळ्यांच्या वर जाऊन बसला. हजारात तीनशे बहात्तर फटके. टाय कॉब तीनशे सदुसष्टवर, दुसरा. टीव्हीवर हे सांगितलं तेव्हा मी क्लॉडेलच्या सलूनमध्ये तोंडाला साबण फासून बसलो होतो. सगळे माझ्याकडे बघून टाळ्या पिटायला लागले. तुमच्या या मेव्हण्याची कीर्ती तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच खुर्च्यांवर बसून थर्मन आणि मी उभा जन्म भांडलो, तो गिब्सनसाठी आणि मी कॉबसाठी. (कॉब माझा कोण लागतो? जॉर्जियाचा गोरा, कधी पाहिलाही नाही. पण सलूनभर सगळेच गिब्सनचे. मीही तिकडे गेलो असतो तर थर्मनने भांडायचं कोणाशी?) क्लॉडेल म्हणाला, आता जा आणि त्याच्यापुढे नाक घास.

म्हणून चर्चचा सूट घातला, बेकरीतून रताळ्याची गोड पाई घेतली आणि बसने थर्मनच्या वृद्धाश्रमात गेलो. त्याची खोली बदललीय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खिडकीकडे तोंड करून एक टक्कल चाकांच्या खुर्चीत बसलेलं दिसलं. मी हॅट काढली आणि मागूनच म्हणालो, "मी चुकलो. इतकी वर्षं तू खरा होतास." टक्कल वळलं. माणूस भलताच! त्याचे डोळे भरून आले होते. "उशिरा का होईना, आलास," म्हणाला, माझा हात धरला आणि अर्धी पाई खाऊन मला माफ केलं. (त्याने कोणाला माफ केलं देव जाणे. मी मात्र ते घेऊन टाकलं.)

उरलेली पाई थर्मनपुढे ठेवली. हिवाळ्यापासून तो हो-नाहीपलीकडे बोलत नाही, हे तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे.

"जिंकलास रे बाबा," मी म्हटलं. "गिब्सन पहिला. मी हरलो."

तो चावत राहिला. मग म्हणाला, "वेडा आहेस का? पहिला कॉब. पुस्तकात छापलंय. छापलेलं खोटं असतं होय?"

ताई, हे वाक्य माझं. 'खोटं'वरचा जोरसुद्धा माझा. आपली बाजू कुठली ते तो विसरलाय, नुसतं भांडण शिल्लक आहे. त्याची चूक सांगायला तोंड उघडलं. पण त्याची पाठ ताठ झाली होती, डोळे चमकत होते. मी खुर्ची ओढली आणि जन्मात पहिल्यांदा गिब्सनच्या बाजूने भांडायला बसलो. इथल्या फोर्ब्स फील्ड मैदानाच्या भिंतीपार गेलेला गिब्सनचा चेंडू सांगितला, तर त्याने खुर्चीवर हात आपटला. "तुझा बाप होता का तिथं बघायला?"

बाप त्याचा होता, तुमचे वडील. शेंगदाणे विकायचे तिथे.

"होता," मी म्हटलं.

"मग तुझा बाप खोटारडा!" आणि तो इतका हसला की नर्स धावत आली. मीही हसलो. परतताना एक बस तशीच जाऊ दिली. डोळ्यांतल्या पाण्याने पायरी दिसेना.

आपला,
ओडेल

ता. क. त्याला उत्तेजित करू नका, असं डॉक्टर म्हणतात. तेव्हा हे पत्र तुम्ही वाचलेलं नाही.

पुन्हा ता. क. निघताना त्याने विचारलं, तू कोण? तुझ्या बहिणीचा, आयोनाचा नवरा, म्हटलं. "तिला दुसरा कोणी मिळाला नाही?" म्हणाला. (तुम्हीही लग्नात हेच म्हणाला होता.) मग म्हणाला, ती का नाही आली? बाजारात गेलीय, असं सांगितलं. (ती वारल्याची बातमी त्याला दुसऱ्यांदा कोण देणार?)

शेवटचं. वडील घरी येऊन गिब्सनबद्दल काय काय सांगायचे, ते सगळं आठवून लिहून पाठवा. थर्मन सांगायला लागला की मी मध्येच तोडायचो, त्यामुळे एकही गोष्ट मला पुरी येत नाही. भिंतीची तेवढी सांगून झाली. काल पुन्हा गेलो होतो. त्याच्या जुन्या बाजूने भांडलो आणि हरलो.