आठवा स्क्रू

प्रिय धाकट्या,

तुझी खुशाली विचारत नाही. ती चर्चच्या मंडळीच्या पत्रकात दर महिन्याला फोटोसकट छापून येते. बाबा ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतात आणि मी रागानं भराभर वाचते. पाळकसाहेबांनी इथे उपदेश केला, तिथे प्रार्थना केली. आपल्या घराला मात्र आई गेल्यापासून, म्हणजे गेले अकरा महिने, साहेबांचे पाय लागलेले नाहीत.

आईच्या अंत्यविधीला तू जे बोललास ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. रडू नका म्हणालास, हे नुसतं शरीर आहे, जुना अंगरखा आहे, आई कधीच वर गेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नुसतं शरीर? त्या नुसत्या शरीराची कूस मी दोन वर्षं दर दोन तासांनी बदलली. पाठीवरच्या जखमा धुतल्या, नखं कापली, कवळी घासली. शेवटचं तिचे हातपाय पुसायला तुला हाक मारली, तर तू दारातूनच म्हणालास, “ताई, मला तिला असं बघवणार नाही.” आणि बाहेर जाऊन लोकांचं सांत्वन करत बसलास. लोक म्हणाले, किती धीराचा मुलगा!

मी काही तुझ्यासारखी शिकलेली नाही. शवपेट्या करणाऱ्याची मुलगी आहे आणि आता स्वतः पेट्या करते. पण एवढं मला कळतं, की प्रभू कबरेतून उठला तो हातावरच्या खिळ्यांच्या खुणांसकट उठला. नवंकोरं अंग घेऊन नाही. बसून मासा खाल्ला त्यानं. आणि त्या पहाटे कबरेपाशी गेलं कोण? देहाला सुगंधी द्रव्यं लावायला निघालेल्या बायका. उपदेश करणारे सगळे दारं लावून घरात बसले होते. तरी बातमी आधी कुणाला कळली, ते तूच दर वर्षी वाचून दाखवतोस ना? मग तुझ्या कसं रे लक्षात येत नाही? हेच अंग उठणार असेल, तर हेच अंग धुवायला हवं. माझा विश्वास काही फार मोठा नाही. हल्ली रविवारीही मी चर्चला जात नाही. पण आईला पुसताना तो पुरेपूर होता, खोटं कशाला बोलू.

आता स्क्रूबद्दल. बाबांची रीत तुला माहीत होती. झाकणाचे सात स्क्रू पेचकसानं आवळायचे, आठवा नुसता बोटांनी फिरवायचा. लहानपणी का म्हणून तूच विचारलं होतंस आणि बाबा म्हणाले होते, “उठणाऱ्याला उगाच त्रास नको.” तू हसून हसून भुशात लोळला होतास. आणि आईच्या वेळी तू काय केलंस? आठवा सैल दिसला, ताईनं काम अर्धवट टाकलं असं वाटलं, आणि सगळ्यांसमोर माझ्या हातातला पेचकस घेऊन तो करकचून आवळलास. मी पाहत राहिले. बाबांनीही पाहिलं. पुढच्याच महिन्यात त्यांची उजवी बाजू गेली. त्याचा दोष तुला देत नाही, पण तेव्हापासून ते रोज सकाळी मला विचारतात, “आईचा स्क्रू कुणी सैल केला का?” मी रोज हो म्हणते. तुझ्यामुळे मी रोज सकाळी म्हाताऱ्या बापाशी खोटं बोलते, कळलं?

परवा डॉक्टर म्हणाले, आता आठवड्यांचाच प्रश्न आहे. बाबांनी स्वतःची पेटी हात चालत होते तेव्हाच करून ठेवली आहे, ती वर्कशॉपच्या भिंतीला उभी आहे. सात स्क्रू डब्यात आहेत, आठवा त्यांच्या उशाखाली. काल मला जवळ बोलावून म्हणाले, “हा धाकट्यानं लावायचा. त्याला शिकव.” मी फटकन म्हणाले, तुमचा मुलगा, तुम्हीच शिकवा. ते अर्ध्या तोंडानं हसले आणि बरं म्हणाले. म्हणून हे पत्र. येत्या ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी, तुझा उपदेश ठरलेला असणार, तो दुसऱ्या कुणाला तरी करू दे. अंत्यविधीला आलास तर मी तुला दारातून आत घेणार नाही. आता ये, ते बघतायत तोवर ये. त्यांचा डावा हात अजून चालतो, स्क्रू किती फिरवायचा ते दाखवतील. पण त्याआधी बाह्या वर करायच्या आणि त्यांना आंघोळ घालायची. पाणी मी तापवून देईन, अंगाला हात तू लावायचा.

तुझीच,
अजून रागावलेली ताई